लैंगिकतेवरचं संशोधन आणि त्याच्या बातम्या: असाइनमेंटचा प्रश्न नेमका कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातला एक मुलगा रत्नागिरीत पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला मिळालेली असाइनमेंट अशी: "लैंगिकताविषयक संशोधनाच्या माध्यमांतील वार्तांकनाची कोणत्याही एका उदाहरणाच्या आधारे चिकित्सा करा. मूळ स्रोत आणि माध्यमस्रोत दोन्ही वापरावेत. शब्दमर्यादा १५००." वर्गात याचे तीन अर्थ निघाले. एकजण शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर लिहितेय, दुसऱ्याने समलिंगी संबंधांवरच्या ३७७ कलमाचा निकाल घेतलाय, तिसरा अत्याचाराच्या बातम्यांतली भाषा तपासतोय. सरांना विचारलं तर "तुम्हीच विचार करा, तोच तर अभ्यास आहे" एवढंच उत्तर. शिवाय घरी लॅपटॉप एकच, तो ताईही वापरते, त्यामुळे हे सगळं शोधायचं कसं ही निराळी पंचाईत. शेवटी त्याने विचारलंय की गावातल्या डॉक्टरांची किंवा लोकांची मुलाखत घेतली तर चालेल का.

मी बरीच वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्या विभागात होते. आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवते आणि अशाच असाइनमेंट तपासते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते: बातमी कशी तयार होते आणि मार्क कुठे जातात.

तुमच्या वर्गातले तिघंही 'लैंगिकता' हा शब्द वाचून थांबले. तो शब्द डोळ्यांत भरतो हे खरं, पण वाक्य पुन्हा वाचा. चिकित्सा कशाची करायची? वार्तांकनाची. वार्तांकन कशाचं? संशोधनाचं. संशोधन कशावरचं? लैंगिकतेवरचं. म्हणजे लैंगिकता तिसऱ्या पायरीवर आहे. समलैंगिकता नैसर्गिक आहे का, लग्नाआधीचे संबंध योग्य का अयोग्य, शाळेत हे शिकवावं का, यातलं काहीही तुम्हाला ठरवायचं नाही. एका संशोधनाने एक दावा केला, तो पेपरात किंवा वेबसाइटवर येईपर्यंत त्याचं काय झालं, हे पाहायचंय. सरांनी 'मूळ स्रोत आणि माध्यमस्रोत दोन्ही' असं लिहिलंय ते उगाच नाही. सगळ्या प्रश्नाची किल्ली त्या वाक्यात आहे. दोन कागद शेजारी ठेवायचे आणि फरक शोधायचा.

या कसोटीवर तुमच्या मित्रांची उदाहरणं लावून पाहा. ६ सप्टेंबर २०१८ चा ३७७ चा निकाल हा न्यायालयाचा निर्णय आहे, संशोधन नाही. अत्याचाराच्या बातम्या म्हणजे गुन्हेवृत्त. लैंगिक शिक्षणावर बहुतेक वेळा लिहिलं जातं ते मतप्रदर्शन. तिन्ही विषय वजनदार आहेत, पण त्यांत शेजारी ठेवायला संशोधनाचा कागदच नाही. मैत्रिणीने लैंगिक शिक्षणाच्या परिणामांवरचा एखादा प्रत्यक्ष अभ्यास आणि त्याच्या बातम्या घेतल्या तर तिचं जमेल. तिला सांगा, अजून वेळ गेलेली नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. हाच प्रश्न मानसशास्त्राच्या पेपरात आला असता तर संशोधनाच्या पद्धतीला जास्त मार्क असते. समाजशास्त्रात आला असता तर समाजात त्या बातमीचा काय अर्थ लावला गेला याला. तुमचा पेपर पत्रकारितेचा आहे, म्हणून मी बातमीकडे झुकून बोलतेय. पण तुमचे सर मूळचे कुठल्या विषयाचे, गेल्या वर्षी त्यांनी कोणत्या असाइनमेंट वर्गात वाचून दाखवल्या, हे तुम्हाला माहीत, मला नाही. म्हणून "सर, काय लिहू?" असं पुन्हा विचारायला जाऊ नका. त्याला पुन्हा तेच उत्तर मिळेल. त्याऐवजी दोन-तीन ओळींचा मेल टाका. साधारण असा: "सर, मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मधली लैंगिक जोडीदारांची आकडेवारी आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर आलेल्या एक मराठी व एक इंग्रजी बातमीची तुलना करणार आहे. अहवालातल्या कोणत्या अटी बातमीत गळाल्या आणि त्यामुळे अर्थ कसा बदलला, एवढ्यापुरतं मर्यादित ठेवणार आहे. हे अपेक्षेत बसतं का?" याला हो किंवा नाही म्हणणं सोपं असतं. मास्तरांना कोरा प्रश्न आला की कंटाळा येतो, तयार आराखडा आला की दुरुस्त्या सुचवाव्याशा वाटतात. हा आम्हा मास्तरांचा स्वभावच आहे.

मेलमध्ये मी ते उदाहरण सहज घातलं नाही. तुमच्यासाठी मला तेच सर्वांत योग्य वाटतं. मूळ अहवाल फुकट मिळतो, आकडे थोडे आहेत, बातमी आपल्या देशातली आहे आणि तिच्यातली गडबड समजायला सातवी-आठवीचं गणित पुरतं.

हे सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. ते दोन टप्प्यांत झालं, काही राज्यांत आधी आणि काही राज्यांत नंतर, आणि करोनामुळे दुसऱ्या टप्प्यात खंड पडला. मुंबईत देवनारला जी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिच्याकडे याचं काम असतं. देशभरातली सुमारे ६.३७ लाख घरं त्यात होती. राष्ट्रीय अहवाल मे २०२२ मध्ये आला आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेने (एजन्सीने) एक बातमी सोडली. तिचा गाभा असा की ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत स्त्रियांच्या लैंगिक जोडीदारांची सरासरी संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. राजस्थान सर्वांत पुढे: स्त्रिया ३.१, पुरुष १.८. साहजिकच ही बातमी सगळीकडे उचलली गेली.

आता त्याच अहवालातले देशाचे आकडे पाहा. आयुष्यभरातल्या जोडीदारांची सरासरी स्त्रियांची १.७, पुरुषांची २.१. आणि सर्वेक्षणाच्या आधीच्या १२ महिन्यांत नवरा-बायको नसलेल्या आणि सोबतही राहत नसलेल्या व्यक्तीशी संबंध आल्याचं सांगणारे पुरुष ४ टक्के, स्त्रिया ०.५ टक्के. म्हणजे देशपातळीवर चित्र बरोबर उलटं आहे. एजन्सीच्या मूळ कॉपीत, म्हणजे तिने पाठवलेल्या मजकुरात, हे ४ आणि ०.५ चे आकडेही होते. तुमचं पहिलं काम हे पाहणं की तुम्ही निवडलेल्या बातमीत ते राहिले का, राहिले तर कितव्या परिच्छेदात, आणि मथळ्यात 'सरासरी' हा शब्द आणि '११' हा आकडा टिकला का. त्या अकरांत महाराष्ट्र नाही, गोवाही नाही. मग आपल्याकडच्या बातमीने ते सांगितलं का, की वाचकाने ते आपल्याच गावाबद्दल समजून घ्यावं अशी मोकळीक ठेवली?

इथवर बहुतेक मुलं पोचतात. मार्क मिळतात ते याच्या पुढे गेल्यावर, म्हणून थोडी रेंगाळते.

पहिली गोष्ट, ही सरासरी कोणाची? ज्यांचे कधीतरी संबंध आले आहेत त्यांचीच. आणि जोडीदारांच्या मोजणीत नवरा-बायकोही धरलेले असतात. म्हणजे १.७ मधला एक बहुतेक वेळा नवराच. बातमी वाचणाऱ्याच्या मनात मात्र ते सगळे 'बाहेरचे' म्हणून जमा होतात.

दुसरी गोष्ट, किती जणींना विचारलं? सर्वेक्षणात एकूण ७.२४ लाख स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, पण लैंगिक वर्तनाचे प्रश्न सगळ्या घरांत विचारले जात नाहीत. ते निवडक घरांपुरते असतात. या प्रश्नांना उत्तरं दिली ती सुमारे १.१ लाख स्त्रिया आणि १ लाख पुरुषांनी. तुमच्या बातमीत जर 'सात लाख महिलांनी सांगितलं' असं आलं असेल तर ती थेट चूक आहे, नोंदवा. आणि राज्याच्या पातळीवर उतरलात की ही संख्या आणखी रोडावते, म्हणून राज्याचा आकडा देशाच्या आकड्यापेक्षा नेहमीच जास्त डळमळीत असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. समजा एका वाडीत शंभर पुरुष आणि शंभर बायका आहेत आणि सगळे संबंध त्या वाडीतल्या वाडीतच आहेत. प्रत्येक संबंधात एक पुरुष, एक बाई. मग पुरुषांनी सांगितलेल्या जोडीदारांची बेरीज आणि बायकांनी सांगितलेल्यांची बेरीज एकच यायला हवी, कारण दोघंही तेच संबंध मोजतायत. शंभराने भागलं की सरासरीही एकच. म्हणजे १.७ आणि २.१ हा फरक असो वा ३.१ आणि १.८ हा, सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न 'कोण जास्त बाहेरख्याली' हा नसतोच. हा फरक आला कुठून, हा असतो. कोणी वाढवून सांगितलं, कोणी लपवलं? जोडीदार सर्वेक्षणाच्या वयोगटाबाहेरचे होते? दुसऱ्या राज्यातले होते? की थोड्याच जणींचे फार मोठे आकडे सरासरी ओढतायत? नऊ जणींनी १ सांगितलं आणि दहावीने २१, तर सरासरी ३ येते. दहांपैकी नऊ जणींबद्दल तो आकडा खोटं बोलतो. असाइनमेंटमध्ये हे गणित चार ओळींत मांडलंत तरी तपासणारा सरळ बसतो. मी तरी बसते.

इथे आपल्या भागातला माणूस एक जास्तीचा मुद्दा काढू शकतो, आणि तो तुम्ही काढावा असं मला वाटतं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कारण कोणाला सांगायला नको: कर्ते पुरुष मुंबईला. असं सर्वेक्षण आदल्या रात्री जे त्या घरात झोपले होते त्यांना विचारतं. चाकरमानी त्या दिवशी गावात नसतो. तो नमुन्यात आलाच तर मुंबईच्या घरात येतो. मग एखाद्या राज्यातले पुरुष आणि त्याच राज्यातल्या स्त्रिया यांचे आकडे शेजारी ठेवताना आपण खरोखर एकमेकांच्या जोडीदारांची तुलना करतोय का? बायकांना बाई आणि पुरुषांना पुरुष प्रश्न विचारतो हे ठीक, पण भरल्या घरात, माजघरात सासू असताना, हा प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर देणं कसं असेल याची कल्पना तुम्हाला पुस्तकातून आणायची गरज नाही. कोकणाबद्दल या सर्वेक्षणातून काही सिद्ध झालंय असं मात्र लिहू नका. प्रश्न म्हणून मांडा, निष्कर्ष म्हणून नको.

हे उदाहरण सर नाकारतीलच असं नाही, पण कदाचित म्हणतील की याला 'संशोधन' म्हणण्यापेक्षा 'सर्वेक्षण' म्हणावं लागेल. तसं झालं तर दुसरा पर्याय तयार ठेवा: ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस 'सायन्स' या नियतकालिकात आलेला जनुकांवरचा अभ्यास. यात ४,७७,५२२ लोकांची माहिती होती, बहुतांश 'यूके बायोबँक' हा ब्रिटनमधला आरोग्य-माहितीचा साठा आणि '२३अँडमी' ही जनुकतपासणी करणारी कंपनी यांच्याकडची. समलिंगी संबंधांशी जोडलेल्या पाच जागा जनुकसंचात सापडल्या. लोकांच्या या वर्तनातल्या तफावतीत तपासलेल्या सगळ्या जनुकीय फरकांचा मिळून वाटा ८ ते २५ टक्के निघाला, आणि त्यावरून एखाद्या व्यक्तीचं वर्तन सांगता येणार नाही हे संशोधकांनी स्पष्ट लिहिलं. मथळे मात्र 'गे जीन नाही' या तीन शब्दांवर येऊन थांबले. ते चूक नाहीत, पण अर्धे आहेत. एका वाचकाने त्याचा अर्थ 'म्हणजे ही निवड आहे' असा घेतला, दुसऱ्याने 'म्हणजे हे खूप गुंतागुंतीचं आणि नैसर्गिक आहे' असा. संशोधकांनी निवड वगैरे काही म्हटलंच नव्हतं.

त्यात खोलात जायचं असेल तर एकच गोष्ट धरा: त्यांनी मोजलं काय? एखाद्याला कोणाबद्दल ओढ वाटते ही एक गोष्ट, तो प्रत्यक्ष काय करतो ही दुसरी, आणि स्वतःला काय म्हणवतो ही तिसरी. या तिन्ही एकाच माणसात जुळतीलच असं नाही. त्या अभ्यासात मुख्य प्रश्न वर्तनाचा होता: समान लिंगाच्या व्यक्तीशी कधी एकदा तरी संबंध आला का. आयुष्यात एकदाच असा अनुभव घेतलेला आणि आयुष्यभर समलिंगी जोडीदारासोबत राहिलेला, दोघंही एकाच रकान्यात. त्यातून लोकही युरोपीय वंशाचे, बायोबँकेतले तर नोंदणीच्या वेळी ४० ते ६९ वयाचे. बातमीत 'समलैंगिकता' असं मोघम लिहिलं की हे सगळं एका शब्दाखाली झाकलं जातं. याच अभ्यासाची आणखी एक बाजू वार्तांकनाच्या विद्यार्थ्याला उपयोगी आहे. गैरसमज होणार हे संशोधकांना आधीच कळलं होतं, म्हणून त्यांनी सोप्या भाषेत स्वतंत्र वेबसाइट केली, आणि तरीही अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या त्यांच्याच संशोधन संस्थेतल्या काही सहकाऱ्यांनी हे काम करावं का यावरच जाहीर टीका केली. २६ वर्षं आधी, १९९३ मध्ये, अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी समलिंगी भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राचा एक भाग सारखा आढळल्याचं लिहिलं, तेव्हा 'गे जीन सापडला' असा गाजावाजा झाला होता. तोही त्यांच्या लेखातला दावा नव्हता. दोन्ही वेळच्या बातम्या शेजारी ठेवल्या तरी एक असाइनमेंट होते, पण १५०० शब्दांत ती कोंबायला जाऊ नका.

चेहऱ्यावरून समलिंगी व्यक्ती ओळखणारं सॉफ्टवेअर, हा २०१७ मध्ये गाजलेला स्टॅनफर्डचा अभ्यासही मुलं हमखास घेतात. त्यातला '८१ टक्के अचूक' हा गाजलेला आकडा म्हणजे रस्त्यावरच्या शंभरातले ८१ बरोबर ओळखले असं नाही. एक समलिंगी आणि एक भिन्नलिंगी अशा दोन पुरुषांच्या फोटोंच्या जोडीतून बरोबर फोटो निवडण्याचं ते प्रमाण होतं, आणि फोटो डेटिंग साइटवरचे. एवढी एक अट कुठल्या बातमीत आहे ते शोधलंत तर त्यावरही लिहिता येईल.

जुनं उदाहरण म्हणून अनेकजण अमेरिकी लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्सी यांचा 'दहा टक्के' हा आकडा घेतात. १९४८ च्या अहवालातलं वाक्य असं होतं की १६ ते ५५ या वयात किमान तीन वर्षं जवळजवळ पूर्णपणे समलिंगी राहिलेले पुरुष १० टक्के. तीन वर्षं गेली, वयाची अट गेली, 'पुरुष' गेलं, नमुना सरसकट समाजातून निवडलेला नव्हता हेही गेलं, आणि उरलं काय तर 'दहातला एक'. मथळा ही आंब्याच्या पेटीवरची चिठ्ठी असते. बाहेर देवगड लिहिलेलं असतं, आत काय आहे ते पेटी फोडल्यावरच कळतं.

आता डेस्कबद्दल. मुलांच्या असाइनमेंटमध्ये 'माध्यमांनी टीआरपीसाठी विपर्यास केला' हे वाक्य ठरलेलं असतं, आणि ते वाचलं की मी पेन खाली ठेवते. विपर्यास कुठल्या टप्प्यावर झाला ते सांगा ना. संशोधनाच्या लेखातच दावा फुगवलाय का? विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकात? एजन्सीच्या कॉपीत? की आपल्या उपसंपादकाच्या टेबलावर? कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच तपासलं होतं. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रकं घेतली. त्यांतल्या ३३ टक्के पत्रकांतच कार्यकारणाचा, म्हणजे 'यामुळे हे होतं' असा दावा मूळ लेखापेक्षा वाढवलेला होता. पत्रकात वाढवलेला असेल तर ८१ टक्के बातम्यांत तो वाढीव दावा आला, पत्रक सरळ असेल तर फक्त १८ टक्के बातम्यांत. म्हणजे तिखटमीठ बऱ्याचदा पत्रकार लावत नाही, त्याला ते लावूनच मिळतं.

आमच्याकडची पद्धतही माहीत असू द्या, कारण ती कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेली नसते. संध्याकाळी एजन्सीची इंग्रजी कॉपी येते. उपसंपादक ती मराठीत करतो. मथळा तो देतो, पण पानावर जागा किती आहे त्यानुसार पानप्रमुख तो बदलतो. वेबसाइटला तिसराच माणूस आणखी वेगळा मथळा लावतो. बातमी बसत नसेल तर खालून कापतात, ही जुनी शिस्त आहे, कारण महत्त्वाचं वर असतं असं सगळे धरून चालतात. आणि संशोधनाच्या बातमीत सगळ्या अटी, नमुन्याचा आकार, 'मात्र संशोधकांनी स्पष्ट केले की' हे असतं शेवटच्या दोन परिच्छेदांत. ऐन वेळी एक जाहिरात आली की पहिली कात्री तिथेच लागते. कोणाचाही वाईट हेतू नसताना बातमी उफराटी होऊ शकते. तुमच्या छापील बातमीची लांबी आणि एजन्सीच्या कॉपीची लांबी ताडून पाहा. कापलेली शेपटी हाताला लागली तर तुमच्या असाइनमेंटमधला तो सर्वांत भक्कम परिच्छेद होईल.

फोटोकडेही बघा. पाठमोरं जोडपं, चादरीबाहेर आलेले पाय, ओठांवर बोट ठेवलेली बाई. आकडेवारीच्या बातमीला हा फोटो लागला की वाचक ती कोणत्या नजरेने वाचणार ते तिथेच ठरतं. यावर दोन-तीन वाक्यं पुरेत.

व्यवहाराचं बोलायचं तर सर्वेक्षणाचा अहवाल संस्थेच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये आहे, पण फाइल जड आहे. रत्नागिरीत असताना, कॉलेजच्या नेटवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. गावी रेंजच्या भरवशावर राहू नका. लैंगिक वर्तनाचे तक्ते एचआयव्ही-एड्सविषयीच्या प्रकरणात आहेत. हीसुद्धा लिहिण्यासारखी गोष्ट आहे: आरोग्याच्या धोक्यासाठी विचारलेला प्रश्न बातमीत येताना चारित्र्याचा प्रश्न झाला. छापील बातमीसाठी ऑगस्ट २०२२ चे अंक कॉलेजच्या किंवा जिल्हा नगर वाचनालयातल्या फायलींत मिळतात का विचारा. वेब आवृत्तीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, कारण मथळे मागाहून बदलतात.

संकोचाचं म्हणाल तर विषय घरी आधी सांगून टाकणं बरं. "सरकारी आरोग्य सर्वेक्षणावरच्या बातम्यांचा अभ्यास आहे" हे शंभर टक्के खरं आहे आणि ताईला तेवढं सांगितलंत की सर्च हिस्ट्रीची चिंता मिटली. लिहितानाही शब्द सरळ वापरा: लैंगिक संबंध, जोडीदार, समलिंगी. 'तसले संबंध', 'नाजूक विषय' असली पळवाट नको, आणि उगाच धीटपणा दाखवणारी भाषाही नको. आपल्या दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर मराठीत स्वच्छ लिहीत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. मराठीत शब्द नाहीत ही सबब तेव्हापासून बाद आहे.

मांडणी माझ्या मते अशी. सुरुवातीला शे-दीडशे शब्दांत कोणता दावा तपासतोय ते. मग अहवाल काय म्हणतो ते तीनशेत, त्याहून जास्त नाही, कारण ती पार्श्वभूमी आहे. निम्मी जागा तुलनेला द्या: मथळा, पहिला परिच्छेद, गळलेल्या अटी, फोटो, आणि गळती कुठल्या टप्प्यावर झाली. उरलेल्यात कारणं आणि तुमचं मत. मत द्याच. 'माध्यमांनी जबाबदारीने वागावे' हे मत नव्हे, ती सुभाषितं झाली. 'मथळ्यात देशाचा आकडा आधी आणि राज्यांचा नंतर असता तर बातमी तेवढीच वाचली गेली असती आणि खरीही राहिली असती' असं काहीतरी ठोस लिहा. वाटलं तर मथळा स्वतः नव्याने करून दाखवा, किती अक्षरांत बसतो ते मोजून. तेवढ्या जागेत तो बसवणं किती अवघड आहे हे तेव्हाच कळेल, आणि उपसंपादकाबद्दलचा तुमचा सूर आपोआप थोडा खाली येईल.

आता मुलाखतींचं. गावातल्या लोकांना जोडीदारांबद्दल विचारायला अजिबात जाऊ नका. अशा प्रश्नांना लेखी संमती, गोपनीयता, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटसाठी तो खटाटोप कोणी मागितलेला नाही, आणि छोट्या गावात 'नाव गुप्त' राहत नाही. डॉक्टरांची मुलाखतही इथे कामाची नाही. ते आरोग्याबद्दल बोलतील, तुमचा प्रश्न बातमीबद्दलचा आहे. कोणाशी बोलायचंच असेल तर ज्या पेपराची बातमी घेतली त्याच्या रत्नागिरी कार्यालयात जा आणि एखाद्या उपसंपादकाला विचारा की एजन्सीची कॉपी त्यांच्याकडे कशी येते, मथळा शेवटी कोण ठरवतं. बहुतेकजण आनंदाने सांगतात. दुपारी चारच्या सुमाराला गेलात तर चहाही मिळेल. रात्री आठनंतर मात्र फोन करू नका, पानं सोडायची घाई असते.